लाटांवर वाळलेले बोंबील

मीरा रोडला राहायला आले तेव्हापासून माझं बोर्डांशी वाकडं आहे. इथे मोकळी भिंत दिसली की तिच्यावर काहीतरी ठोकायचं असा जणू नियमच आहे. कवळी बसवून देणारा, ट्यूशनवाला, वन बीएचकेवाला, पॅन कार्ड काढून देणारा, सगळे डोळ्यांत घुसतात आणि एकाचंही अक्षर धड नसतं. मी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवली. वेडंवाकडं अक्षर दिसलं की माझं डोकं तडकतं, आणि शांती नगरातून स्टेशनपर्यंत चालायचं म्हणजे ते रोज तडकणारच. नवरा म्हणतो, तू डोळे मिटून चाल, मी हात धरतो.

चित्रकलेच्या बाईंना शाळेत काय कामं असतात ते सांगते. गॅदरिंगचा पडदा रंगवा, विज्ञान प्रदर्शनाची कमान करा, पंधरा ऑगस्टची रांगोळी काढा. घरी यावं तर सोसायटीच्या गणपतीला पुठ्ठ्याचा डोंगर करा. कार्यक्रम आटोपला की पडदा माळ्यावर, कमान भंगारात आणि रांगोळीवर झाडू. निवृत्तीच्या दिवशी मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी ते घरी आणलं, टेबलावर ठेवलं आणि चांगली ढसाढसा रडले. माझ्या हातचं एक तरी काम उघड्यावर उभं राहावं आणि पुढच्या वर्षीही ते तिथेच असावं, एवढंच मला हवं होतं. ते काही झालेलं नव्हतं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये एक गुजराती भाई राहतात. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून ते सायकलीच्या नादाला लागले आणि बघता बघता आसपासचे पंचवीस-तीस जण त्यांच्यामागे लागले. दर रविवारी पहाटे हे लोक रंगीत टोप्या घालून निघतात. उड्डाणपूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला जायचं, मग मुर्धा, राई, मोर्वा, दोन्ही बाजूंची मिठागरं, पुढे डोंगरी आणि शेवटी उत्तनचा नाका. तिथे चहा पिऊन परत. नवीन माणसं वाटेत चुकायला लागली म्हणून त्यांनी ह्या मार्गावर दिशा दाखवणारे खांब लावायचं ठरवलं. परवानग्यांचं भाईंनी बघितलं. मला हे कळलं ते खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले निळे बोर्ड दिसले तेव्हा.

मी प्लास्टिक फाडून बघितलं. निळ्या पत्र्यावर दुधीभोपळ्यासारखा जाड बाण, आणि खाली अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. त्याच संध्याकाळी त्यांची टेरेसवर मीटिंग होती. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले.

"भाई, हे काय आणलंत?"

"बोर्ड छे, टीचर. सायकलवाल्याला रस्ता दाखवणार."

"रस्ता दाखवणार की घाबरवणार? मिठागरातून जातोय का राईतून जातोय, ह्या पत्र्याला काही पत्ता आहे का? सगळीकडे तोच भोपळा!"

मग मी जे बोलत सुटले ते थांबलेच नाही. म्हटलं, प्रत्येक जागेचा खांब त्या जागेसारखा दिसला पाहिजे. लोखंड कापून, वाकवून, रंगवून मी करते. नऊ खांब. मला एक पैसा नको. भाई दुकानदार माणूस. ऐकून घेतात, पण हातचं सोडत नाहीत. शेवटी म्हणाले, "ठीक छे. तुमचे खांब लावू. पण पब्लिक कशी आहे तुम्हाला माहीत आहे. पाडव्याच्या आधीच्या रविवारी आपण सगळे बघायला जाऊ. चांगले राहिले तर कायमचे तुमचे. खराब झाले तर त्याच दिवशी कापून माझे बोर्ड लागणार. नंतर रडायचं नाही."

मी म्हटलं, मंजूर.

हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये एक मिस्त्री आहेत, रायगडकडचे, ग्रिल आणि सरकते दरवाजे करणारे. त्यांच्या मुलीला मी शिकवलेलं, म्हणून ते मला बाई म्हणतात आणि माझी थट्टा करण्याचा हक्क राखून असतात. अर्धी थंडी मी त्यांच्या गाळ्यात काढली. शांती नगरच्या खांबासाठी बाल्कन्यांची उतरंड केली, मिठागराच्या खांबावर मिठाच्या राशी आणि लांब दांड्याचं फावडं, राईच्या खांबावर भाजीच्या पाट्या. प्रत्येक खांबाच्या टोकाला त्या जागेचा स्वतःचा बाण. मिस्त्री मधूनच विचारायचे, "बाई, ह्याला कडी कुठे लावू?" आणि मी चिडले की खूश व्हायचे.

उत्तनचा खांब सगळ्यात मोठा. माझा जीव त्यात अडकला होता. मधोमध जाड खांब, त्याच्या दोन्ही बाजूंना एकाखाली एक पसरलेले लांब पाइप, आणि प्रत्येक पाइप नागमोडी वाकवलेला. समुद्राच्या लाटा! सगळ्यांत वर समुद्राकडे तोंड केलेला एक मासा. पाइप वाकवताना मिस्त्रींना घाम फुटला. मी म्हणायचे, अजून सैल हवी, लाट वाटली पाहिजे, खिडकीचं ग्रिल नको. ते म्हणाले, "लाट तर लाट, बाई. पण मजबूत करतोय. माणूस लोंबकळला तरी वाकायची नाही." निळा, हिरवा आणि कडेला पांढरा असे रंग मी स्वतः दिले. तो खांब गाळ्याबाहेर उन्हात उभा केला तेव्हा शेजारच्या युनिटमधली माणसं मशीन बंद करून बघायला आली. मला एवढं बरं आजवर कधी वाटलं नव्हतं.

उत्तनला तो नाक्यावर लावायचा होता. पण नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी साफ सांगितलं, हमारा स्टँड है, इधर नहीं. मग आम्ही गावातल्या वाटेने थोडं आत गेलो. घरांच्या पलीकडे मासे सुकवायची मोकळी जागा होती, तिच्या कडेला मोडके बांबू पडलेले होते. तिथे जमीन घट्ट होती म्हणून मिस्त्रींनी तिथेच खड्डा घेतला. काही कोळणी पाट्या पुढ्यात घेऊन मासळी निवडत बसल्या होत्या. त्यांतली एक पुढे येऊन मिस्त्रींना म्हणाली, "कशाला हाय हा?" मिस्त्री सिमेंट कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमच्या गावासाठी." ती मान हलवून परत गेली. मला वाटलं, किती समजूतदार बाई आहे.

सगळे खांब संक्रांतीच्या आसपास उभे राहिले आणि पहिले काही दिवस मी हवेत होते. भाजी आणायच्या निमित्ताने रोज शांती नगरच्या खांबापाशी जायचे आणि लोक बघतात का ते बघायचे. लोक बघायचे. एक आजोबा तर काठी टेकून सगळ्या बाल्कन्या मोजत होते.

मग एके सकाळी माझ्या बाल्कन्यांवर ट्यूशन क्लासचा कागद चिकटलेला दिसला. मी तिथल्या तिथे त्या नंबरवर फोन लावला आणि क्लासच्या सरांना असं काही सुनावलं की त्यांनी मला आधी कुणाची तरी पालक समजून फी परत करायची तयारी दाखवली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसऱ्या क्लासचा कागद! तिथून धाडच पडली. पुलाजवळच्या खांबावर पानाच्या पिचकाऱ्या. मुर्ध्याच्या खांबाला कुठल्याशा मिरवणुकीच्या पताकांची दोरी बांधली, ती ओढताना बाण मुरगळला. मिठागराच्या खांबावर कुणीतरी खिळ्याने बदाम कोरला आणि दोन्ही नावं माझ्या मिठाच्या राशीत घातली. मी बादली आणि घासणी घेऊन फिरायला लागले. नवऱ्याने मला रबरी हातमोजे आणून दिले.

उत्तन लांब. तिकडची मला काळजी नव्हती. सायकलवाले नाक्यावरूनच परत फिरतात, त्यामुळे तो खांब कुणाला दिसत नाही ह्याचं दुःख होतं, पण निदान तो तरी शाबूत असेल असं वाटत होतं. पाहणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शेवटचा हात मारावा म्हणून मी रंगाचा डबा पिशवीत घातला, भाईंदर पश्चिमेहून बस पकडली आणि उत्तनला उतरले. गावातल्या वाटेने आत वळले आणि वास आला. तो तर तिथे यायचाच. चार पावलं पुढे गेले आणि पायच थांबले.

माझ्या लाटांवर बोंबील वाळत होते.

एकदोन नाही, शेकड्यांनी. बोंबील कसे वाळवतात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन बोंबील घ्यायचे, त्यांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. बांबूच्या ज्या सांगाड्यावर ह्या दोऱ्या बांधतात त्याला इथे वलांडी म्हणतात. माझ्या प्रत्येक लाटेवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, जबड्यात जबडा घातलेले बोंबील लोंबत होते. वरचा लोखंडी मासा तेवढा मोकळा होता. तो ह्या गर्दीतून मान वर काढून कसाबसा समुद्राकडे बघत होता.

"हे कुणी केलं?" मी अशी ओरडले की कावळे उडाले.

मिस्त्रींना प्रश्न विचारणारी तीच कोळीण पदराला हात पुसत आली. माझ्याहून मोठी, अंगाने भक्कम, कपाळावर ठसठशीत कुंकू. "काय गो बाय, काय झालं? भूत बघलंस का?"

"मावशी, हे मासे कुणी टांगले?"

"आमी टांगले. दुसरं कोन टांगील? ही बाजू माजी. ती माज्या जावेची. खालचे दोन सुनेचे." घरातल्या खोल्या दाखवाव्यात तशा तिने माझ्या लाटा दाखवल्या. वाटण्यासुद्धा झाल्या होत्या!

"अहो, पण हे मासे वाळवायला नाहीये! हे चित्र आहे, लोखंडाचं चित्र. ह्या लाटा आहेत लाटा!"

मावशीने खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "लाटा अशा नसतात बाय. लाटा त्या बघ," आणि समुद्राकडे बोट केलं. "ही वलांडी हाय. लोखंडाची हाय, पन वलांडीच हाय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? आमची वलांडी हितंच व्हती. वाऱ्यात पडली. आता बांबू आनायचा कुठून, म्हनून आमी बोलत व्हतो, तर तुमी ही घेऊन आलाव. त्याच जागी पुरलीव. तुजा तो मानूस बोलला, गावासाठी हाय. मग? आमी नारळ फोडला."

खांबाच्या बुडाशी खरोखर हळदकुंकू होतं आणि नारळाची करवंटी होती. माझ्या नऊ खांबांपैकी एकाचंही उद्घाटन झालं नव्हतं. ह्याचं झालं होतं आणि मला पत्ता नव्हता. पण मी तेव्हा विरघळण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"उद्या सकाळी माणसं बघायला येणार आहेत. खराब दिसला तर कापून टाकणार आहेत. हे आजच्या आज उतरवा."

"आज?" मावशीचा आवाज पहिल्यांदा चढला. "काल घातलेत. अर्धे ओले हायेत. आता उतरवून ढिगात टाकले तर कुजतील सगळे. उद्या दुपारपर्यंत न्हाय हलायचे."

मी रागाने एक जोडी उचलायला हात घातला आणि बोटाला लोखंड लागलं नाही, दोरी लागली. जवळून बघितलं. प्रत्येक पाइपवर जुन्या जाळ्याच्या दोऱ्या वळसे घालून गुंडाळल्या होत्या, हिरव्या आणि नारिंगी, अगदी बिनफटीच्या, आणि पाइप जिथे जिथे वळत होता तिथे त्याही त्याच्याबरोबर वळल्या होत्या. मी हेव्याने बघत राहिले. एवढी नेटकी गुंडाळणी मला आयुष्यात जमली नसती.

"लोखंड तापतं ना," मावशी म्हणाली. "मासा चिकटतो. म्हनून केलं."

मी टोकाकडची दोरी थोडी सरकवली. खाली माझा रंग तसाच होता, गाळ्याबाहेर उन्हात चमकला होता अगदी तसा. मी दोरी परत सारखी केली. हातातली जोडी जागेवर टाकली.

"चा पिशील?" मावशीने विचारलं. मी रागातच चहा प्यायले आणि बसने परत आले. रंगाचा डबा उघडलासुद्धा नाही.

रविवारी सकाळी सायकलवाले पुढे आणि मागून मिस्त्रींचा टेम्पो. मला सायकल येत नाही, म्हणून मी टेम्पोत मिस्त्रींच्या शेजारी. मागे हौद्यात कापायची मशीन, वेल्डिंगचं सामान आणि भाईंचे ते निळे बोर्ड, प्लास्टिकसकट. आपलं काम तोडायला निघालेल्या गाडीतच मला बसावं लागलं होतं. मिस्त्रींनी रस्ताभर एकदाही कडीचं नाव काढलं नाही. त्यांची थट्टा बंद झाली की वेळ वाईट आहे हे मला समजतं.

शांती नगरला भाई उतरले, कागदांचे थर बघितले आणि म्हणाले, "परत येताना काढू." पुलाजवळ पिचकाऱ्या बघून पुन्हा तेच. मुर्ध्याला मुरगळलेला बाण उलट्या दिशेला, थेट एका गोठ्याकडे, वळला होता. तिथे काही सायकलवाले हसले. मिठागरात भाईंनी बदामातली नावं मोठ्याने वाचली. प्रत्येक ठिकाणी "परत येताना काढू." डोंगरीपर्यंत पोचलो तोवर मी टेम्पोतून उतरायचं सोडलं होतं. भाईंचा रागही येईना. ते खोटं काहीच बोलत नव्हते.

उत्तनच्या नाक्यावर सगळे थांबले. मी पुढे होऊन वाट दाखवली. सायकली हाताने ढकलत सगळे आत आले, आणि खांब दिसताच भाईंनी खिशातून रुमाल काढून नाकावर बांधला. भाई कांदासुद्धा न खाणारे.

"टीचर!" रुमालाआडून आवाज आला. "ये क्या है? आपने तो मच्छी मार्केट बना दिया!"

मावशी, तिची जाऊ, सून आणि आणखी पाचसहा बायका येऊन उभ्या राहिल्या. भाईंनी खांबाला एक फेरी मारली आणि माझ्याजवळ आले. रुमाल खाली केला. आवाजही खाली केला.

"ऐका. मी नाक्यावर रिक्षावाल्यांशी बोलून ठेवलंय. आता जागा देतात. हे सगळं उतरवा, धुवा आणि हा खांब उचलून नाक्यावर लावू. समोरच. बाकी आठ जाणार, पण हा एवढा छान बनवलाय, हा कायम राहील. मी शब्द देतो."

जन्मभर मागितलं होतं ते हा माणूस समोर ठेवत होता. नाक्यावर, उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, कायमचा. माझ्या लाटा पुन्हा लाटा दिसल्या असत्या. मिस्त्री मशीनची वायर सोडवत माझ्याकडे बघत होते. मी मावशीकडे बघितलं. ती काही विनवण्या करत नव्हती. एक बोंबील घसरला होता, तो तिने उचलला आणि जागेवर अडकवला.

"मिस्त्री," मी म्हटलं, "मशीन खाली ठेवा."

"टीचर?"

"नाही उचलायचा. भाई, आपण सकाळपासून आठ खांब बघितले. कशावर कागद चिकटवले, कशावर थुंकले, कशावर नावं कोरली. का? ते कुणाचेच नव्हते. माझे होते म्हणाल तर मी एकटी बादली घेऊन कुठे कुठे धावणार? हा बघा. नीट बघा. नाक दाबून का होईना, पण बघा! ह्याच्यावर एक तरी कागद आहे? एक पिचकारी आहे? ह्या बायकांनी ह्याला नारळ फोडलाय. दोरी गुंडाळलीय. तुम्ही नाक्यावर न्याल, आणि पुढच्या रविवारी त्याच्यावर वन बीएचके लागलेला असेल!"

माझा आवाज इतका चढला होता की नाक्यावरचे दोन रिक्षावाले काय झालं बघायला आले. भाईंनी रुमाल वर केला, खांबाजवळ गेले आणि खरंच नीट बघायला लागले. दोन बोटांनी बोंबील बाजूला सारून दोरी बघितली, रंग बघितला, वाकून बूड बघितलं.

"एक पण स्टिकर नाही?" त्यांनी मावशीला विचारलं.

"आलता एक चिकटवनारा," मावशी म्हणाली. "डबा घेऊन, कागद घेऊन. माज्या सुनेनं त्याला नाक्यापर्यंत पळवला. त्याचा डबा हाय आमच्याकडं. पायजे काय?"

सगळे हसले. सायकलवाले हसले, बायका हसल्या, आणि रुमालाच्या आत भाईसुद्धा हसत होते, ते त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"बेन, पण ये तो हमारा खांब है ना," भाई म्हणाले, जरा मऊपणाने.

"तुमचा?" मावशी म्हणाली. "कोनी लावला ते आमाला ठाव हाय. पन राखला कोनी? हा हितनं न्हाय हलायचा."

दुकान चालवलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. भाई कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग बायकांच्या मागून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेकडे त्यांनी मान केली. "ये रास्ता किधर निकलता है?"

"दर्याला," मावशी म्हणाली. "आनि दर्यावरनं फिरून परत नाक्याला."

"सायकल जाती?"

"आमच्या टोपल्या जातात. सायकल कशी न्हाय जायची?"

भाई सगळ्यांकडे वळले आणि हात वर केला. "ऐका! आजपासून नाक्यावरून परत नाय फिरायचं. इथून आत यायचं, खांबाच्या बाजूने दरियापर्यंत जायचं आणि गोल फिरून बाहेर. टीचरचा खांब हलत नाही. आपण हलू!"

आणि ते खरोखर तिथून निघाले. रंगीत टोप्या घातलेल्या सगळ्या सायकली एकापाठोपाठ एक, माझ्या खांबाला वळसा घालून, बोंबलांच्या खालून मान चुकवत, समुद्राकडे गेल्या. वर लोखंडी मासा त्याच दिशेला तोंड करून होता. मी मिस्त्रींचा दंड पकडून उभी होते. दिशा दाखवणारा खांब सगळेच करतात. माझ्यासाठी त्या दिवशी आख्खा मार्ग वळला होता! मिस्त्री म्हणाले, "बाई, मी म्हटलं होतं ना, माणूस लोंबकळला तरी वाकायची नाही. बोंबील काय चीज आहे?" मग मी हसले आणि रडलेही.

परतीच्या वाटेवर कापायची मशीन चालली नाही. माझ्या अंगात आता वारं शिरलं होतं. प्रत्येक खांबापाशी मी टेम्पो थांबवला आणि आजूबाजूला बघितलं, की हा कुणाच्या उपयोगाचा होऊ शकतो. मुर्ध्याला गोठ्याच्या मालकाला दुधाचा कॅन टांगायला आकडा हवा होता, तो मिस्त्रींनी तिथल्या तिथे जोडला, बाणही सरळ केला. राईच्या भाजीवालीला सावलीचं कापड बांधायला कडी हवी होती. शांती नगरच्या शहाळेवाल्याने कोयता अडकवायला जागा मागितली आणि त्या बदल्यात कागद चिकटवणाऱ्याला बघून घेतो म्हणाला. तो कोयता हातात घेऊनच म्हणाला, त्यामुळे माझा विश्वास बसला. शेवटी मिस्त्रींनीच विचारलं, "म्हणजे शेवटी कडी लावलीच ना, बाई?" मी त्यांना चूप केलं नाही. पाडव्याला भाईंनी माझ्या दारात पेढे आणून दिले. निळे बोर्ड त्यांनी मग कुठल्याशा नातेवाइकाच्या वाडीवर पाठवून दिले.

पावसात बोंबील वाळत नाहीत, त्यामुळे तिकडे जाणं झालं नाही. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली तेव्हा मावशीचा फोन आला. होड्या रंगवायला काढल्या होत्या. "रंग उरलाय, बाय. वलांडीचा वरचा मासा पावसात खराब झालाय. तू येतेस का आमी लावू?"

मी बस येईपर्यंतही थांबले नाही, रिक्षा केली. किनाऱ्यावर होड्या ओळीने उपड्या-उताण्या पडल्या होत्या आणि घरोघरची माणसं ब्रश घेऊन त्यांना भिडली होती. मी त्यांच्याच डब्यातला रंग घेतला, त्यांच्याच शिडीवर चढले आणि मासा रंगवला. होडीला लावतात तो लाल, होडीला लावतात तो पिवळा. दुपारपर्यंत तो असा झळकायला लागला की जाळी विणणारे वर बघायला लागले. खाली उतरून मी ब्रश धुवायला घेतला तर मावशीने अडवलं.

"थांब. नाव घालायचं ऱ्हायलं."

"कसलं नाव?"

"होडीला नाव घालतो ना आमी? तसं ह्याला पन पायजे. बुडाशी, मोठं."

मला वाटलं, देवाचं असेल किंवा गावाचं. "काय घालू?"

"तुजं घाल."

"माझं?" मला एकदम लाजल्यासारखं झालं. "मी बनवलंय म्हणून? अहो मावशी, असं काही नको."

मावशीने पांढऱ्या रंगाचा डबा माझ्यापुढे सरकवला. "बनवनाऱ्याचं नाव कोन घालतं होडीला? सुताराचं नाव असतं काय कुठं? होडीला घरच्या मानसाचं नाव घालतात. घाल तू."

मी खाली बसले, ब्रश बुडवला आणि माझं नाव लिहिलं. अक्षर सरळ आलं नाही, आणि मी ते तसंच ठेवलं.